सिसिली : मेअखेरीस आई-बाबा आणि लेकीला घेऊन. कुठे राहावं, काय सोडावं?

मधुरा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

लेकीची नववीची परीक्षा एप्रिलमध्ये आटोपेल. पुढचं वर्ष दहावीचं, मग वर्षभर कुठे हलता येणार नाही. म्हणून येत्या मेअखेरीस सिसिलीला जायचं मनात आहे. जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत परत यायचं. साधारण दोन आठवडे हाताशी आहेत. आम्ही पाच जण : मी, नवरा, लेक आणि माझे आई-बाबा.

सिसिलीच का, तर बाबांमुळे. बाबा गणिताचे शिक्षक. आयुष्यभर मुलांना गोल आणि वृत्तचिती शिकवली, आता आर्किमिडीजचं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणतात. लेक टिळक तलावावर पोहायला शिकली, तिला समुद्र हवाय, तोही रोज. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तिचे गुडघे दुखतात. चढ-उतार जपूनच करावा लागतो. नवऱ्याला जुन्या इमारती आवडतात आणि गाडी चालवायची हौस आहे. मला कुणाचीही आबाळ न होता सगळ्यांना आनंद मिळायला हवाय.

एका टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवला होता. पालेर्मो, आग्रिजेंतो, रागुझा, सिराकुझा, एटना ज्वालामुखी, ताओर्मिना, सगळं एका आठवड्यात, जवळजवळ रोज नवं हॉटेल. कागदावर छान दिसतं, पण आईचा विचार केला की धास्ती वाटते. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा : कुठे मुक्काम करावा, काय बिनदिक्कत सोडून द्यावं, मेअखेरीस समुद्रात उतरता येतं का, आणि आईच्या जेवणाचं काय?

बखरवाचक

मधुराताई, आधी तो कार्यक्रम बाजूला ठेवा. इटलीतलं सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट, जवळपास २५,७०० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा दीडपट केला तरी ते उरेल. मधे सगळे डोंगर. आठवड्यात प्रदक्षिणा घातली तर बसच्या खिडकीतून बेट दिसेल आणि आईंचे गुडघे तिसऱ्याच दिवशी कुरकुरतील. मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळेलच. पण तुमच्या घरातल्या पाचही जणांचा विचार करून सांगते : आग्नेय कोपरा धरा. ओर्तिजामध्ये स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि निम्म्याहून जास्त दिवस तिथेच राहा.

ओर्तिजा म्हणजे सिराकुझा शहराचा जुना भाग. हे एक चिमुकलं बेटच आहे, पुलांनी शहराला जोडलेलं. इ. स. पूर्व ७३४मध्ये कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी इथे वसाहत केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आई रमतगमत चालल्या तरी अर्ध्या तासात पोचतील. रस्ते बहुतेक सपाट, जागोजागी बसायला बाकडी, आणि कुठल्याही गल्लीतून निघालात तरी शेवटी समुद्र.

एकच वास्तू नीट बघायची असेल तर तिथलं कॅथीड्रल बघा. समोरून ते अठराव्या शतकातलं, भरघोस नक्षीच्या बरोक शैलीतलं चर्च दिसतं, कारण १६९३च्या भूकंपानंतर दर्शनी भाग नव्याने बांधला. पण आत शिरण्याआधी डावीकडच्या व्हिया मिनेर्व्हा या गल्लीत वळा. चर्चच्या भिंतीतून जाडजूड ग्रीक खांब अर्धे बाहेर डोकावताना दिसतील. हे अथीना देवीच्या देवळाचे खांब. हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव झाल्यावर, इ. स. पूर्व ४८०च्या सुमारास, सिराकुझाचा सत्ताधीश गेलोन याने हे देऊळ उभारायला घेतलं. पुढे सातव्या शतकात त्याचं चर्च करताना लोकांनी ते पाडलं नाही. बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बुजवल्या, आणि आतल्या गाभाऱ्याच्या भरीव भिंतींना कमानी पाडल्या. मोकळं होतं तिथे भिंत आली, भिंत होती तिथे वाट झाली. ८७८मध्ये अरबांनी शहर जिंकलं, नंतर नॉर्मन आले, त्यानंतर स्पॅनिश. प्रत्येकाने आपापला देव इथेच पुजला. आत डाव्या अंगाला एका खांबापाशी उभ्या राहा आणि दगडावर हात ठेवा. उभ्या खोबणी बोटांना लागतात, कडा झिजून गोल झालेल्या. अडीच हजार वर्षं छप्पर पेलून धरणारे हे खांब मला कुठल्याही मोकळ्या अवशेषांपेक्षा जास्त भिडले, कारण ते अजून कामावर आहेत.

आता बाबांसाठी. आर्किमिडीज इथलाच. रोमन सेनापती मार्सेलसने वेढा घातला तेव्हा त्याच्या यंत्रांनी रोमनांना थोपवून धरलं. इ. स. पूर्व २१२मध्ये शहर पडलं आणि एका रोमन सैनिकाच्या हातून तो मारला गेला. वृत्तचितीत नेमका बसणारा गोल घेतला, तर त्याचं घनफळ वृत्तचितीच्या दोन-तृतीयांश भरतं, ही त्याची सर्वांत आवडती सिद्धता. म्हणून थडग्यावर याच दोन आकृत्या कोरल्या होत्या. पुढे इ. स. पूर्व ७५मध्ये रोमन वक्ता सिसेरो सरकारी कामावर सिसिलीत आला. गावकरी थडगं विसरून गेले होते. त्याने काट्याकुट्यांच्या रानातून डोकावणारा तो गोल आणि वृत्तचितीचा छोटा स्तंभ शोधून काढला. आज ती जागा पुन्हा हरवली आहे. पुरातत्त्व उद्यानाजवळ ‘आर्किमिडीजची कबर’ म्हणून दाखवतात ते नंतरचं रोमन दफनस्थान आहे. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होणार नाही.

त्याऐवजी त्यांना शहराबाहेरच्या टेकडीवर युरियालसच्या किल्ल्यात न्या. दिओनिसियस राजाने इ. स. पूर्व ४००च्या सुमारास तो बांधला. खडकात कोरलेले खंदक आणि भुयारी वाटा आहेत, वर गेलं की सगळं शहर आणि दोन्ही बंदरं एका नजरेत येतात. रोमनांचा वेढा डोळ्यांपुढे उभा करायला यासारखी जागा नाही. आपल्याकडे गडकिल्ले पायाखाली घातलेल्या माणसाला तिथे तासभर कमीच पडेल. उघडण्याच्या वेळा मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

पुरातत्त्व उद्यानात खडकात कोरलेलं ग्रीक नाट्यगृह आहे. तुम्ही अगदी योग्य वेळी जाताय. १९१४पासून तिथे प्राचीन ग्रीक नाटकं होतात, हंगाम मेपासून सुरू होतो. प्रयोग इटालियनमध्ये असतात. कथा आधी वाचून गेलात तर भाषा आडवी येत नाही. त्या दिवसांत दगडी पायऱ्यांवर लाकडी आसनं घातलेली असतात. उघडा दगड बघायला मिळणार नाही, पण संध्याकाळच्या उन्हात तिथे बसून नाटक बघणं त्याहून मोलाचं. जवळच ‘दिओनिसियसचा कान’ नावाची उंच गुहा आहे, २३ मीटर उंच. लेकीला आत गाणं म्हणायला लावा. याच परिसरातल्या दगडखाणींत इ. स. पूर्व ४१३मध्ये हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना डांबलं होतं. मला तिथली लिंबांची झाडं बघताना ते सारखं आठवत होतं.

समुद्राबद्दल : मेअखेरीस पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं. पहिल्या उडीला अंगावर काटा येईल, पण पोहणारी मुलगी पाच मिनिटांत रुळेल. ओर्तिजात खडकांवरून पाण्यात उतरायच्या जागा आहेत. वाळू हवी तर शहरातून बसने फोंताने बियांके गाठा. पाणी उथळ, नितळ, आईंनाही घोट्यापर्यंत उभं राहता येईल. तिथे छत्री-खुर्च्यांचे पैसे घेणारा भाग वेगळा आणि सर्वांसाठी मोकळा भाग वेगळा असतो. एक दिवस व्हेंदिकारीच्या राखीव किनाऱ्याला द्या. खारफुटीऐवजी तिथे खाऱ्या पाण्याची तळी आहेत. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जात असाल तर इथेही ते भेटू शकतील. पलीकडे ट्यूना मासे खारवण्याच्या जुन्या कारखान्याचे उंच खांब उभे आहेत. सावली अजिबात नाही, त्यामुळे सकाळीच जा.

नोतो त्याच बाजूला आहे. १६९३च्या भूकंपात जुनं गाव गेलं. लोकांनी नवं गाव दुसरीकडे, मधाच्या रंगाच्या दगडात बांधलं. संध्याकाळी जा, तेव्हा दगड उजळतो.

ताओर्मिना मी सोडून देईन. जागा सुंदर आहे, पण गर्दी आणि चढ दोन्ही आईंना झेपणार नाहीत.

निनाद_औंध

बखरवाचक बाईंचं सगळं पटलं, पण पालेर्मो पूर्ण गाळलंत तर सिसिलीची अर्धी गोष्ट राहून जाईल हो! मी शिकायला तिथे होतो म्हणून इतक्या पोटतिडकीने सांगतोय.

मधुराताई, जाताना कातानियाला उतरा आणि परतीचं विमान पालेर्मोहून घ्या. तिकिटं तशी मिळतात, आणि उलटं फिरून येण्याचा एक दिवस वाचतो. शेवटचे तीन मुक्काम पालेर्मोत ठेवा.

तिथे नॉर्मन राजवाड्यातलं कप्पेल्ला पालातिना म्हणजे दुसरा रॉजर या राजाचं खासगी चर्च. रॉजर ११३०मध्ये राजा झाला. भिंतींवर बायझंटाइन कारागिरांची सोनेरी मोझेइक, आणि वर मान केली की लाकडी छत पूर्ण इस्लामी पद्धतीचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं खाली उतरणारं. छतावर वाद्य वाजवणारे, मद्य पिणारे, बुद्धिबळ खेळणारे लोक रंगवले आहेत. दुर्बीण असेल तर न्या, खालून बारकावे दिसत नाहीत. याच रॉजरच्या दरबारात अल् इद्रिसी हा भूगोलतज्ज्ञ होता. ११५४मध्ये त्याने जगाचा नकाशा आणि वर्णन पूर्ण केलं. दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी तिन्ही भाषांत कारभार चाले. हे सगळं त्या एका दालनात उभं राहून कळतं. तिकीट आधी काढा आणि सकाळी पहिल्या वेळेचं घ्या. दुपारी दालनात उभं राहायला जागा नसते.

मोन्रेआलेचं कॅथीड्रल शहरापासून फार लांब नाही, बस जाते. आतल्या भिंती जवळपास सगळ्या सोनेरी मोझेइकने मढवलेल्या. बाजूच्या मठाच्या अंगणात २२८ जोडखांब आहेत, प्रत्येकाचा माथा वेगळा कोरलेला. तुमच्या नवऱ्याला तिथून उठवणं अवघड जाईल.

आणि लेकीला चेफालू. पालेर्मोहून रेल्वेने साधारण तास. स्टेशनपासून चालत वाळूचा किनारा, किनाऱ्याला लागून जुनं गाव, गावात रॉजरनेच ११३१मध्ये सुरू केलेलं कॅथीड्रल. तिने पोहावं, तुम्ही सावलीत बसावं. किनारा तिथे हळूहळू खोल होत जातो.

वरणभात_सहकारनगर

आईंच्या जेवणाचं मी सांगते. आमच्या सासूबाईही अंडं न खाणाऱ्या, आणि सिसिलीत त्यांची खूप छान सोय झाली. उलट युरोपात इतकं पोटभर शाकाहारी त्यांना दुसरीकडे मिळालं नाही. कारण इथला साधा स्वयंपाक वांगं, टोमॅटो, बदाम, बडीशेप, लिंबू आणि डाळी-कडधान्यांवर चालतो. फक्त काही ठिकाणी डोळ्यांत तेल घालावं लागतं.

पहिलं पानेल्ले. पालेर्मोच्या रस्त्यावरचं खाणं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात कालवतात, मीठ घालून गोळा होईपर्यंत ढवळत शिजवतात, पातळ थापतात आणि गार झालं की तुकडे कापून तळतात. फोडणी न घातलेली आपली पाटवडीच! वर लिंबू पिळून, तीळ लावलेल्या पावात घालून देतात. सासूबाईंनी बल्लारो बाजारात गाडीसमोर उभं राहून ती बनताना पाहिली आणि लगेच मला प्रमाण विचारलं. मात्र त्याच कढईत कधी मासेही तळतात, आणि शेजारच्या गाडीवर प्लीहा भरलेला पाव असतो, त्यामुळे तेल विचारून घ्या. बटाट्याचे तळलेले रोलही त्याच गाडीवर मिळतात.

कापोनाता म्हणजे तळलेलं वांगं, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर, व्हिनेगर-साखरेच्या आंबट-गोड रसात. गारच खातात. दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, म्हणून डबा भरून फिरायला नेता येतं. कातानियाकडे गेलात तर पास्ता आल्ला नोर्मा मागवा : टोमॅटो, तळलेलं वांगं, तुळशीच्या जातीची बेझिल आणि वरून खारवलेला रिकोत्ता (एक प्रकारचं चीज) किसून. ओर्तिजात वाळवलेल्या बाकल्यांचं माक्कू मिळालं तर सोडू नका. दाट, मऊ, वरून ऑलिव्हचं तेल. गुडघ्यांना नाही पण पोटाला फार आराम.

आता जपायचं काय. अरान्चिनी म्हणजे भाताचे तळलेले गोळे. दिसायला निष्पाप, पण बहुतेकांत खिमा असतो. लोण्याच्या नावाने मिळतो त्यात हॅमचे तुकडे असतात, आणि भातही बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. आईंना हे देऊ नका. स्फिंचोने हा जाड पिझ्झा शाकाहारी वाटतो, त्यात अँचोव्ही मासा असतो. कान्नोली म्हणजे गोड रिकोत्ता भरलेली तळलेली नळी, तिच्या कवचात डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे. पाव आणि ब्रियोश या मऊ गोडसर पावातही काही जण घालतात. दुकानात ‘स्त्रुत्तो?’ (डुकराची चरबी?) एवढा एक शब्द विचारला तरी समजतं. चीजमध्ये बहुतेक वेळा रेनेट, म्हणजे जनावरांच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, हे आईंना चालतं का ते आधीच घरी ठरवा. एक वाक्य कागदावर लिहून ठेवा : सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चूगे, सेन्झा ऊओवा. मांस नको, मासे नकोत, अँचोव्ही नको, अंडी नकोत. आमच्या सासूबाई हे वाक्य हसत हसत स्वतःच म्हणायच्या आणि स्वयंपाकी बाहेर येऊन त्यांच्याशी बोलायचे.

गोडाचं टेन्शन घेऊ नका. ग्रानिता म्हणजे बर्फाळ, दाणेदार सरबत. बदामाची आणि लिंबाची सर्वांत छान, बहुधा दूध-अंडं काहीच नसतं. सकाळी नाश्त्यालाच खातात. मोदिका गावाचं चॉकलेट आईंसाठी घ्या. कोको आणि साखर एवढंच, कमी उष्णतेवर घोटलेलं, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली कण करकरतात. दालचिनीचं मिळतं.

इथून काय न्यावं? मेतकूट, चटण्या, बाकरवडी न्या. तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

गाडीवाट

गाडीबद्दल थोडक्यात. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओतून निघण्याआधी काढून घ्या, वर्षभर चालतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवावी लागते, तिथे गिअरची गाडी हीच रीत.

जुन्या शहरांत ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. लाल कडेचा पांढरा गोल आणि ‘झेडटीएल’ अशी पाटी. कॅमेरा फोटो काढतो, दंड नंतर गाडी कंपनीमार्फत येतो. ओर्तिजातही हे आहे. बेटाच्या कडेला तालेते नावाचा मोठा वाहनतळ आहे, तिथे ठेवा आणि चालत जा.

पूर्ण दौऱ्यासाठी गाडी घेऊ नका. कातानिया विमानतळावरून सिराकुझाला थेट बस आहे, साधारण सव्वा तास. गाडी फक्त नोतो, मोदिका, व्हेंदिकारीच्या दिवसांपुरती घ्या. पालेर्मोत गाडी चालवायची हौस कुणी करू नये.

मधुरा_कर्वेनगर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना बखरवाचक बाईंचा आर्किमिडीजचा भाग वाचून दाखवला. सिसेरोची गोष्ट त्यांना माहीत होती, किल्ल्याची नव्हती. तेव्हापासून ते वेढ्याचा नकाशा काढत बसलेत. आईने ‘अच्चूगे’ पाठ केलंय.

टूरवाल्यांना नकार कळवला. ओर्तिजात मोठा मुक्काम, शेवटी पालेर्मो, असं ठरतंय. मधला पल्ला कसा करावा? आणि एटना बघायचा की नाही? २०२५च्या जूनमध्ये पर्यटक पळतानाचे व्हिडिओ बघितल्यापासून आई घाबरली आहे. व्हिसाचंही कुणी सांगाल का?

बखरवाचक

आईंना सांगा, त्यांची भीती रास्त आहे. २ जून २०२५ला शिखराजवळचा भाग ढासळून तापलेल्या राखेचा लोट उतरला, तो वरच्या उतारावर. तुम्हाला तिथवर जायचंच नाही. रिफुजो सापिएन्त्सा या डोंगरावरच्या विश्रामगृहापर्यंत पक्का रस्ता आहे, उंची साधारण १,९०० मीटर. शेजारीच सिल्व्हेस्त्रीची जुनी विवरं आहेत, १८९२च्या उद्रेकातली. लहान विवराला फेरी घालायला चढ नाममात्र. काळ्या-तांबड्या मातीवर पिवळी फुलं, आणि खाली निळा समुद्र. आई तिथे गाडीजवळ बसूनही ज्वालामुखी बघू शकतात. वर जाणारा रोपवे २,५०० मीटरपर्यंत आहे, नवरा आणि लेक जाऊ शकतात. त्या दिवशीच्या सूचना बघूनच निघा, स्वेटर न्या. एटनाची राख उडाली की कातानियाचा विमानतळ कधी कधी बंद करतात, म्हणून पोचल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कुठलंही आगाऊ तिकीट काढू नका.

मधला पल्ला : सिराकुझाहून गाडी घ्या आणि वाटेत पियात्सा आर्मेरिनाजवळची रोमन हवेली बघा. चौथ्या शतकातली. तिच्या फरशीवर सुमारे ३,५०० चौरस मीटर मोझेइक आहे, आणि तुम्ही वरच्या पुलांवरून बघत जाता. एका लांबच लांब दालनात रोमच्या खेळांसाठी जनावरं पकडून जहाजावर चढवतानाचं चित्र आहे. त्याच्या टोकाला एक सावळी स्त्री बसली आहे, हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. काही अभ्यासक तिला भारताचं रूपक मानतात. मला वाघाकडे बघून ते पटलं, कारण आफ्रिकेत वाघ नाही. लेकीला आधी काही सांगू नका, तिला स्वतः ओळखू द्या.

तिथून आग्रिजेंतोला एक मुक्काम. देवळांच्या डोंगरधारेवर वरच्या बाजूने, हेरा देवीच्या देवळाकडून शिरा आणि उताराने खाली या, म्हणजे आईंना चढ लागणार नाही. खालच्या दाराशी टॅक्सी मिळते. मधलं कोन्कोर्दियाचं देऊळ जवळजवळ अखंड आहे, कारण सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं. सिराकुझात बघितलेली युक्ती इथेही केली होती, भिंतींतल्या कमानी अजून दिसतात. दुसऱ्या दिवशी गाडी पालेर्मोच्या विमानतळावर परत करा आणि बसने शहरात जा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. सर्वाधिक मुक्काम इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे, आणि महाराष्ट्राचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेसाठी लोकांची झुंबड उडते, तेव्हा अपॉइंटमेंट जमेल तितकी लवकर घ्या. प्रौढांची फी ९० युरो, लेक बारा वर्षांच्या वरची असल्याने तिचीही तेवढीच, केंद्राचं शुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आई-बाबांच्या वयाला जुने आजार धरणारा विमा बघा, दोन-तीन ठिकाणी विचारा. शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिराल त्या विमानतळावर, बहुधा रोम किंवा मिलानला, फोटो घेतात आणि व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात. ही नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाली आहे. म्हणून पुढचं विमान निदान तीन तासांनी ठेवा, आणि आईंसाठी चाकाची खुर्ची तिकिटासोबतच मागून घ्या.

नाटकाची तिकिटं मात्र आत्ताच बघायला घ्या. आईंसाठी खालच्या रांगेतली जागा निवडा, वरच्या रांगांना पायऱ्या पुष्कळ आहेत. बसायला उशी न्या, लाकडी आसन दोन तासांत टोचतं.